एकाच हाताचं वळण

प्रणिता येमूल आणि रफिक शिकलगार या दोघांना २०३३ च्या जुलैमध्ये एकच काम मिळालं. गावातल्या वाचनालयासाठी एक छोटं वेब अ‍ॅप लिहायचं. सभासदानं पुस्तक मागायचं, ग्रंथपालानं ते द्यायचं, परत आलं की नोंद करायची. कॉलेजातली मुलं दोन दिवसांत उरकतात असलं काम. पण या दोघांना त्यासाठी पाच महिने दिले होते आणि अट घातली होती की एकही ओळ यंत्राकडून लिहून घ्यायची नाही.

दोघं सोलापूरच्या लोकाज्ञा केंद्रात प्रोग्रामर होते. राज्यातल्या सरकारी सेवांची सगळी अ‍ॅप्स या केंद्रातून निघत. एकेकाळी तिथल्या मोठ्या हॉलमध्ये चाळीस माणसं बसायची. मग कोड लिहिणारी यंत्रं आली, आणि एकेक करून टेबलं रिकामी झाली.

त्या यंत्रांमध्ये एक खोट होती. कोट्यवधी लोकांनी लिहिलेला कोड वाचून ती शिकली होती, त्यामुळे सगळ्यांच्या सवयी त्यांच्यात एकत्र कालवल्या गेल्या होत्या. आज सांगितलेलं काम एका पद्धतीनं लिहायची, उद्या तेच काम दुसऱ्या. एकाच अ‍ॅपमध्ये ‘तालुका’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडायचा. चालेपर्यंत चालायचं, पण बंद पडलं की ते जंगल वाचू शकेल असा माणूस मिळायचा नाही. अशी सात-आठ अ‍ॅप्स वर्षभरात कोसळली तेव्हा सरकार जागं झालं.

त्यावरचा उपाय एका संशोधक गटानं शोधला होता, आणि तो समजवायला ते खडीसाखरेचं उदाहरण देत. साखरेचा दाट पाक करून त्यात नुसता दोरा सोडला तर खडे जमतात, पण कसेही, कुठेही. तेच दोऱ्याला आधी एक नेटका खडा बांधून सोडला, तर पाकातली साखर त्या खड्याच्या मांडणीप्रमाणे थरावर थर चढत जाते. कोट्यवधी उदाहरणं वाचलेलं यंत्र म्हणजे तो पाक. त्याला एकाच हातानं, विचारपूर्वक, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेलं एक पूर्ण अ‍ॅप दिलं, तर ते सगळी सरमिसळ सोडून त्या एका मांडणीत स्थिरावतं. भाषा कुठली, डेटाबेस कुठला, नावं कशी ठेवायची, चूक झाली तर काय करायचं, हे सारं ते त्या नमुन्यातून उचलतं आणि पुढची हजारो अ‍ॅप्स त्याच वळणात लिहितं. नमुना लहान चालतो. पण तो एकाचाच हात असावा लागतो. त्या यंत्राला नाव दिलं होतं अनुलेखक, आणि त्या अ‍ॅपला बीजनमुना.

म्हणून वाचनालय. आणि म्हणून पाच महिने.

साधनं निवडायला त्यांना जेमतेम दोन आठवडे लागले. प्रणिताला पुढे कित्येक वर्षं ते दोन आठवडे आठवत राहिले. हॉलमधल्या फळ्यावर दोघं याद्या करत आणि खोडत. ती चव्वेचाळीस वर्षांची होती, तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि बारा वर्षं शेजारी बसून काम केल्यामुळे अर्ध्या वाक्यात दोघांना एकमेकांचं कळायचं.

“पानं सर्व्हरवरच तयार करायची,” ती म्हणाली. “ब्राउझरवर ओझं नको. गडचिरोलीतला फोन कुठला असेल सांगता येत नाही.”

“मान्य. डेटाबेस?”

“तोच आपला जुना. कंटाळवाणा.”

“कंटाळवाणा म्हणजे भरवशाचा. लिही.” त्यानं स्वतःच खडू घेऊन लिहिलं. “बाहेरची तयार पॅकेजेस किती?”

“तीन.”

“पाच.”

“चार, आणि त्यातलं एकही वीस हजार ओळींपेक्षा मोठं नको.”

“तू भाजी घेतेस तशी पॅकेजेस घेतेस,” रफिक हसत म्हणाला. पण आकडा चारच राहिला. नावं मराठीत ठेवायची हे दोघांना एकदमच सुचलं. एका फंक्शननं, म्हणजे कोडच्या एका तुकड्यानं, एकच काम करायचं, तेही पडद्यावर न सरकवता वाचता येईल एवढंच, यावरही वाद झाला नाही.

वाद झाला तो एका क्षुल्लक प्रश्नावर. सभासदानं पुस्तक मागितलं आणि ग्रंथपालानं तीस दिवसांत काहीच केलं नाही तर?

“विनंती बंद,” प्रणिता म्हणाली.

“आणि मागणाऱ्याला काय सांगायचं?”

“सांगायचं काय त्यात? महिना झाला, विसरला असेल तो. यादी स्वच्छ राहते. आतल्या नोंदवहीत एक ओळ टाकू.”

“ती नोंदवही कोण वाचणार?”

“लागेल तो वाचेल.”

रफिकनं आपल्या पद्धतीनं ते लिहून दाखवलं. त्याच्या अ‍ॅपमध्ये विनंती आपोआप कधीच बंद होत नव्हती. आठवड्यानं ग्रंथपालाला आठवण, पंधरा दिवसांनी त्याच्या वरिष्ठाला, महिन्यानं मागणाऱ्याला निरोप की अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी माणूस हो किंवा नाही म्हणेपर्यंत.

“लोक वैतागतील रे. हे म्हणजे कडी वाजवत दारात उभं राहिल्यासारखं आहे.”

“वाजवू दे की. दार उघडलं की थांबेल.”

बोलता बोलता शब्दाला शब्द लागला. त्या एका जागेपासून पुढे दोघांचं वळण वेगळं होत गेलं आणि अखेर दोघांनी दोन वेगळे नमुने लिहिले. डिसेंबरात समितीनं प्रणिताचा निवडला. तो एक तृतीयांशानं लहान होता, आणि वाचताना पाटीवर ठळक अक्षरात लिहिल्यासारखा स्वच्छ दिसत होता. अनुलेखकाला एकच हात हवा होता, त्यामुळे दुसऱ्या हाताचं पदही उरलं नाही. रफिक तासगावला त्याच्या मेहुण्याच्या बेदाण्याच्या शीतगृहात काम बघायला निघून गेला.

पहिल्या वर्षात त्याची तीन पत्रं आली. पहिलं चिडलेलं होतं. दुसऱ्यात त्यानं शीतगृहातल्या उंदरांवर विनोद केले होते. तिसऱ्यात फक्त “बरी आहेस ना?” एवढंच होतं. तिन्हींना उत्तर द्यायचं म्हणून प्रणितानं सुरुवात केली. काय लिहावं ते सुचेना, म्हणून ठेवून दिलं. इतर टपालाच्या ढिगाखाली ती पत्रं हळूहळू दिसेनाशी झाली.

*

अनुलेखक चालू झाला आणि दीड वर्षात राज्याची चौदा हजार अ‍ॅप्स पुन्हा लिहून निघाली. शेळ्यांचा विमा, रक्तपेढ्या, पाण्याच्या पाळ्या, शाळेचे दाखले. प्रणिताला बीजलेखक असं पद मिळालं. रोज त्यातली काही अ‍ॅप्स उघडून वाचायची आणि वळण बिघडलं नाही ना ते पाहायचं, हे तिचं काम.

सुरुवातीला तिला फार आनंद झाला. पशुवैद्यकाच्या अ‍ॅपमध्ये तिला ‘राहिलेले’ नावाची यादी दिसली. ती हसली. प्रलंबित न म्हणता राहिलेले म्हणायचं ही तिचीच सवय. ओळ कुठे मोडायची, रिकामी जागा कुठे सोडायची, टीप लिहिताना शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, सगळं तिचं. मुलगी आईसारखी चालते असं कुणी म्हटल्यावर बायकांना काय वाटत असेल ते तिला कळलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वर्षी आनंद ओसरला. तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की आपण गेले कित्येक महिने दुसऱ्या कुणाचं काही वाचलेलंच नाही. दुसऱ्याचा कोड वाचताना मनातल्या मनात भांडण चालतं, हे असं का केलं, अरे वा, हे मला सुचलं नसतं. आता जे उघडावं त्यात तीच. तपासणारं यंत्रही तिच्याच नमुन्यावर वाढलेलं, त्यामुळे ते विचारायचं तेच जे तिनं विचारलं असतं, आणि उत्तरं मिळाली की तिच्यासारखंच गप्प व्हायचं.

एकदा तिनं मुद्दाम खोडी काढली. रफिक लिहायचा तसं एक लांबलचक, बडबडं फंक्शन लिहिलं, मधेमधे गमतीच्या टिपा टाकल्या आणि दिलं तपासणाऱ्या यंत्राकडे ढकलून. अर्ध्या मिनिटात ते परत आलं. टिपा गेल्या होत्या, फंक्शनाचे तीन तुकडे झाले होते, आणि खाली एक ओळ होती : ‘आपल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे नीट केले आहे’. शेवटी पूर्णविराम नव्हता.

त्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली सुरक्षारक्षकाजवळ जाऊन बसली. त्याला काही बोलावंसं वाटत होतं असं दिसेना. ती पोळी खाऊन वर आली.

भद्रावती पेठेतल्या घरीही फारसं वेगळं नव्हतं. आई गेल्यापासून तेलुगू बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं. भाऊ सुरतेला. सणावाराला त्याचा फोन यायचा, तोही मराठीतच. कधीकधी ती दुधाचं पातेलं उतरवताना आईशी बोलायची तशी दोन वाक्यं तेलुगूत बोलायची, आणि मग उगीचच ओशाळायची.

*

२०३८ च्या मार्चमध्ये एक म्हातारा केंद्रात आला. केंद्रात लोक येत नसत. तिथे खिडकी नव्हती, टोकन नव्हतं. सुरक्षारक्षकानं वर फोन केला, “मॅडम, एक बाबा आलेत. कोड लिहिणाऱ्या माणसाला भेटायचंय म्हणतात.”

गंगाधर बिराजदार त्यांचं नाव. अक्कलकोट तालुक्यातले, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. खुर्ची दिली तरी ते आधी उभेच राहिले.

“तुमीच का लिहिता ते सगळं?”

“लिहिलं होतं. बसा ना.”

“आमच्या मंडळींना काचबिंदू झालता बघा. महादेवी नाव तिचं. डाव्या डोळ्याचं गेलंच होतं, उजव्याचं ऑपरेशन लवकर करा म्हणाले डॉक्टर. जूनमध्ये सरकारच्या त्या अ‍ॅपवर अर्ज केला मी. स्वतः केला, कुणाला विचारलं नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी थोड्या अभिमानानं म्हटलं. “त्यात आलं की अर्ज नोंदवला. मग मी रोज बघायचो. ‘राहिलेले : एक’. महिन्यानं बघतो तर ‘राहिलेले काही नाही’. म्हटलं, चला, लागला आपला नंबर.”

पुढचं प्रणिताला आधीच कळलं होतं.

“मग?”

“मग वाट बघितली की. दिवाळीपर्यंत बघितली. संक्रांतीला ती म्हणाली, अहो, दिवा लावला का नाही? दिवा तिच्यासमोरच होता ओ.” ते आता खुर्चीत बसले. “दवाखान्यात म्हणाले, अर्जच नाही तुमचा. डॉक्टरची जागा रिकामी होती म्हणे तेव्हा, कुणी बघितला नाही. मी म्हटलं, बघितला नाही तर सांगायचं की. नाही म्हणाला असता तर मी विजापूरला नेली असती तिला. माझी बहीण आहे तिथं.”

“तुम्ही तक्रार…”

“तक्रार नाही करायची मला. मला फक्त विचारायचं होतं. हे मुद्दाम असं केलंय का चुकून झालंय?”

“मुद्दाम केलंय,” प्रणिता म्हणाली. “मी केलंय. यादी स्वच्छ दिसावी म्हणून.”

बिराजदारांना बहुधा चुकून झालं असं ऐकायचं होतं. त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत गुंडाळली. “बरं,” म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. “पाणी मिळेल का?”

तिनं पाणी दिलं. ते पिऊन ते गेले.

*

दुपारी तिनं चौदा हजार अ‍ॅप्सना मिळून एकच प्रश्न विचारला : कुणीही न पाहता, तीस दिवस उलटले म्हणून आपोआप बंद झालेल्या विनंत्या किती? उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. अकरा लाख सदतीस हजार दोनशे सहा.

आतल्या नोंदवहीत प्रत्येकीची एक ओळ होती. तिनं ठरवल्याप्रमाणे. ती वाचायला चार वर्षांत कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बीजनमुना दुरुस्त करायला घेतला. ती तीस दिवसांची अट काढली, विनंती रखडली तर निरोप पाठवायची ओळ घातली आणि अनुलेखकाला दिलं. नवी अ‍ॅप्स आली. त्यात निरोप होता, पण तो ‘इतर सूचना’ नावाच्या कप्प्यात जात होता आणि तो कप्पा मिटलेला असायचा. तिनं कप्पा काढला, तेव्हा निरोपाची भाषा अशी झाली की वाचणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटूच नये. एक ओळ बदलून काही होत नव्हतं. यंत्रानं तिची ओळ उचललीच नव्हती, तिचा स्वभाव उचलला होता. कुणाला त्रास नको, पडदा नीट दिसू दे, अवघड ते नजरेआड राहू दे. हे त्या वाचनालयाच्या प्रत्येक पानात मुरलेलं होतं.

मग तिनं नवा नमुना लिहायला घेतला. सहा आठवडे खपली. ओरडणारा, मागे लागणारा कोड लिहायचा म्हणून रफिकच्या सगळ्या लकबी आठवून आठवून लिहिला. वळण मोजणाऱ्या यंत्रात घातला, तेव्हा जुन्या नमुन्याशी साम्य निघालं सत्त्याण्णव टक्के. मे महिन्यातल्या त्या दुपारी बेचाळीस अंशांच्या उन्हात ती बस स्टँडवर जाऊन उभी राहिली आणि मिळेल ती गाडी पकडून मिरजमार्गे तासगावला पोचली.

*

शीतगृहाच्या दारात रफिक स्वेटर घालून उभा होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आत वळून बायकोला म्हणाला, “शबाना, पाहुणे आलेत. चहा टाक.” मग तिला, “आत येतेस की उन्हातच बरं वाटतंय?”

ऑफिसात बेदाण्याचा आंबूस गोड वास होता. प्रणितानं सगळं सांगितलं. बिराजदारांचं सांगताना ती मधे थांबली. आकडा ऐकल्यावर रफिकनं डोळे मिटले.

“तुझा जुना नमुना आहे?”

“पुसला मी.”

“परत लिहिशील?”

“माझा नमुना घालणार, मग पुढची पाच वर्षं चौदा हजार अ‍ॅप्स माझ्या वळणाची. माझ्यातलं काय काय फुटेल त्यातून, कुणाला माहीत? मी तर हिशेबात माणूस विसरतो, तुला ठाऊक आहे. आपल्या रजांचा तक्ता मी केला होता तेव्हा तुलाच वगळलं होतं.”

तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, म्हणून ते जरा वेडंवाकडंच आलं.

रफिकनं टेबलावरची सुरी उचलली, पेट्यांचे पट्टे कापायची. “अब्बा धार लावायचे. मी नंतर पुस्तकात वाचलं, ते त्यांना हातानं कळायचं. लोखंडाचा एकच अखंड स्फटिक केला ना, तर त्यात सुरू झालेली घसरण या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मधे अडवायला काही नसतं. पोलादात लाखो बारीक कण असतात, प्रत्येकाची मांडणी वेगळ्या दिशेनं. एका कणातली घसरण शेजारच्या कणाच्या हद्दीवर अडखळते. ताकद त्या हद्दीत असते.” त्यानं सुरी खाली ठेवली. “दोन नमुने घाला. तुझा आणि माझा. जिथे दोन्ही जुळतील तिथे यंत्रानं लिहावं. जिथे जुळणार नाहीत तिथे थांबावं आणि माणसाला विचारावं.”

“समिती म्हणेल माणसं कुठून आणायची.”

“चाळीस टेबलं आहेत ना तुझ्याकडे?”

शबानानं चहा आणून ठेवला, प्रणिताला बाहेरून आलीस, तोंड धुऊन घे म्हणाली आणि टॉवेल देऊन गेली. प्रणिता तोंड धुऊन आली तरी रफिक तसाच बसला होता.

“तुझी पत्रं मिळाली होती मला,” ती म्हणाली. “तिन्ही.”

“हो?”

“उत्तर लिहायला घेतलं होतं.”

“मी महिनाभर बघायचो रोज,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला ते जास्त लागलं. “मग म्हटलं, तिला नको असेल. चौथं लिहिणार होतो. शबाना म्हणाली, किती मागे लागायचं एखाद्याच्या.”

“लिहायला हवं होतंस.”

“मीच?”

चहा थंड झाला होता, तरी तिनं तो संपवला.

“नमुना लिहीन मी,” उठताना तो म्हणाला. “तीन महिने लागतील. पण त्या अकरा लाखांना आधी सांग. ते नाही सांगितलंस तर माझ्या नमुन्याचा काही उपयोग नाही.”

*

केंद्राचे संचालक ठोसर माणूस वाईट नव्हते. त्यांनी प्रणिताचा अहवाल पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पुढचं दुरुस्त करू आपण. दोन नमुन्यांचाही विचार करू. पण मागचं का उकरायचं, येमूलबाई? यातले निम्मे लोक विसरले असतील.”

“मीही तेच म्हणाले होते, सर.”

“मग?”

“ते विसरले नव्हते.”

ठोसरांनी समितीपुढे ठेवतो म्हणून सांगितलं. समितीनं विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, पुढच्या बैठकीत तो निघालाच नाही. बीजलेखक म्हणून प्रणिताला एक अधिकार होता. सर्व अ‍ॅप्सना एकाच वेळी बदल पाठवता यायचा. चार वर्षांत तिनं तो दोनदा वापरला होता, दोन्ही वेळा शुद्धलेखनासाठी.

जूनच्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता तिनं तो तिसऱ्यांदा वापरला. अकरा लाख सदतीस हजार दोनशे सहा विनंत्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि तितक्याच लोकांना निरोप गेला. तो लिहायला तिला चार दिवस लागले होते. ‘तुमची विनंती कुणी नाकारली नव्हती. ती कुणी पाहिलीच नाही, आणि हे तुम्हाला कळवलं गेलं नाही. ही पद्धत मी ठरवली होती. चूक माझी आहे. विनंती आता पुन्हा उघडली आहे. तुम्हाला काही विचारायचं किंवा सांगायचं असेल तर मला फोन करा.’ खाली तिचं नाव आणि घरचा नंबर.

दुपारी तीनला निलंबनाचा आदेश तिच्या हातात पडला. ठोसरांनी तो स्वतः आणून दिला आणि लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर चालत आले.

पुढे विधानसभेत गोंधळ झाला, वर्तमानपत्रांनी चार दिवस तिचा फोटो छापला, चौकशी बसली. ऑगस्टअखेर दोन नमुन्यांचा आदेश निघाला आणि रफिकला बोलावणं गेलं. हॉलमध्ये बारा टेबलांवर माणसं बसली. प्रणिताला मात्र परत घेण्याचा प्रश्न नव्हता. रफिकनं एकदा फोन केला.

“तू आणि मी रोज तीनेकशे ठिकाणी भांडतो इथे,” तो म्हणाला. “यंत्र थांबतं आणि विचारतं, आता काय?”

“कोण जिंकतं?”

“कधी तू, कधी मी. काल दोघंही चुकलो होतो. इथे बसणाऱ्या अकलूजच्या एका बाईनं दाखवून दिलं.”

“कसं?”

त्यानं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात दुसरा फोन येत असल्याचा आवाज तिच्या कानात वाजू लागला. तिनं तसं सांगितलं. “घे तू,” रफिक म्हणाला. “आपण नंतर बोलू.”

फोन येतच होते. निरोप गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तर दिवसाला पाचशे, त्यातले ती सत्तर-ऐंशी उचलू शकायची. पहिल्या माणसानं तिला अशा शिव्या दिल्या की तिला दाराला कडी घालून बसावं लागलं. पण तिनं फोन ठेवला नाही. काहींना फक्त अर्जाचं काय झालं ते हवं होतं. कुणी म्हणायचं, आता नको, मुलगी लग्न होऊन गेली. कुणी हुंदके द्यायचं. बोलून बोलून तिचा घसा बसला, आणि तिच्या लक्षात आलं की गेल्या पाच वर्षांत मिळून आपण इतकं बोललो नव्हतो. त्यानं बरं वाटत होतं असं नाही. रात्री झोप लागायची नाही. पण सकाळी सातला ती आंघोळ करून फोनजवळ येऊन बसायची.

सप्टेंबरात फोन कमी झाले, दिवसाला वीसेक. त्यातलाच हा एक, एका मंगळवारी दुपारी आला. भंडाऱ्याकडची बाई होती. नाव सांगितलं चंद्रकला मेश्राम. नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी कृत्रिम पायासाठी अर्ज केला होता.

“ते वारले मॅडम. फाल्गुनात. त्यांच्या फोनवर तुमचा मेसेज होता, माझ्या मुलीनं आत्ता वाचला.” थोडी थांबून ती म्हणाली, “ते म्हणत होते, आपल्याला नाही म्हटलं सरकारनं. मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. तर तसं नव्हतं ना?”

“नव्हतं,” प्रणिता म्हणाली. “त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. अर्ज कुणी पाहिलाच नाही.”

पलीकडून काही आवाज आला नाही. प्रणितानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. मिनिट गेलं, दोन गेली. लांबवर कुठेतरी कोंबडी ओरडत होती, म्हणजे फोन चालू होता.

“तुम्हाला वेळ आहे काय?” अखेर बाई म्हणाली. “कसं झालं ते सांगते. त्यांनी तो अर्ज भरला ना, त्या दिवशी…”

तिचा आवाज फार बारीक होता. निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. प्रणितानं “सांगा” म्हटलं, उठली आणि पंखा बंद करून परत येऊन बसली.